साथीतील संदेश आणि वस्तीचे प्रश्न : एक संवाद

सार्वजनिक आरोग्यावर संकट आले असता शासन, महापालिका आणि वैद्यकीय तज्ज्ञ यांनी लोकांशी जो संवाद साधायचा असतो, त्याला आरोग्यशास्त्रात ‘जोखीम-संवाद’ म्हणतात. धोका कोणता आहे, तो कोणाला किती आहे आणि तो टाळण्यासाठी काय करायचे हे लोकांना वेळेत कळावे, तसेच लोकांच्या शंका आणि अडचणी यंत्रणेला वेळेत कळाव्यात, अशी दुहेरी अपेक्षा या संज्ञेत आहे. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा मुंबईत हा संवाद फार मोठ्या प्रमाणावर व्हॉट्सअॅप, फेसबुक आणि ट्विटर या समाजमाध्यमांतून झाला. आणि त्याच माध्यमांतून खऱ्याखोट्या माहितीचा असा लोंढा आला की जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्येच त्याला ‘इन्फोडेमिक’, म्हणजे माहितीची महासाथ, असे नाव दिले.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मालाड हे योग्य ठिकाण आहे. महापालिकेच्या त्या वेळच्या पी उत्तर विभागात पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने कुरार, आप्पापाडा, पिंपरीपाडा या दाट वस्त्या, स्थानकाच्या दोन्ही बाजूंना गृहनिर्माण सोसायट्या, पश्चिमेला मालवणी आणि अंबुजवाडी, तर त्यापलीकडे मढ, एरंगळ, आक्सा ही गावठाणे, असे एकमेकांपासून फार निराळे लोकजीवन एकाच विभाग कार्यालयाच्या अखत्यारीत होते. जून २०२० मध्ये साथीचा जोर उत्तर उपनगरांकडे सरकला, आणि २२ जून रोजी महापालिकेने फिरत्या दवाखान्यांच्या ५० गाड्यांसह ‘मिशन झिरो’ ही मोहीम जाहीर केली तेव्हा तिच्या यादीत मुलुंड, भांडुप, कांदिवली, बोरिवली आणि दहिसर यांच्याबरोबर मालाडही होते. पुढे २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा गोवंडीइतका नसला तरी त्याचा उपद्रव मालवणीलाही झाला.

पुढील संवादातील दोन व्यक्ती कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यात येणाऱ्या घटना, तारखा आणि आकडे मात्र प्रत्यक्षातील आहेत. एक आहेत महापालिकेच्या आरोग्य खात्यात साथरोग नियंत्रणाचे काम केलेले डॉक्टर, आणि दुसऱ्या मालवणीत घरोघरी फिरून काम करणाऱ्या आरोग्यसेविका, ज्यांना वस्तीत सगळे ताई म्हणतात. संकटकाळात अधिकृत आवाज एकच असावा आणि तो सर्वांत मोठा असावा, असे डॉक्टरांचे मत आहे. ज्या आवाजाला उलट प्रश्न विचारता येत नाही त्यावर वस्ती विश्वास ठेवत नाही, असे ताईंचे म्हणणे आहे.

डॉक्टर : साथ एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी त्या दोघांना एकमेकांच्या जवळ यावे लागते, अफवेला तेवढेही लागत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये, महाराष्ट्रात एकही रुग्ण सापडलेला नसताना, कोंबडीच्या मांसातून करोना होतो असे संदेश फिरले आणि राज्यातील कुक्कुटपालकांचा बाजार कोसळला. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूत टाळ्या आणि थाळ्यांच्या नादाने विषाणू नष्ट होतो असे पसरले, तेव्हा केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला त्याचे खंडन करावे लागले. अशा वेळी महापालिकेने एका ठिकाणाहून, एकाच शब्दांत आणि दररोज ठरलेल्या वेळी बोलणे याला पर्याय राहत नाही. महापालिकेचे ट्विटर खाते रोजची आकडेवारी देत होते, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुकवरून थेट राज्याशी बोलत होते, आणि या नियमितपणामुळे गोंधळलेल्या शहराला खात्रीने पाहता येईल अशी एक जागा मिळाली.

ताई : ती जागा आवश्यक होती, हे मान्य आहे. परंतु संदेश पोहोचणे, तो समजणे आणि त्याप्रमाणे वागता येणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वरून पाहिल्यास यांपैकी फक्त पहिली मोजता येते. साबणाने वीस सेकंद हात धुवा हा संदेश अंबुजवाडीत पोहोचला होता. पण तिथल्या अनेक कुटुंबांना पाणी विकत घ्यावे लागत होते आणि एका हंड्यावर स्वयंपाक, पिणे आणि अंघोळ भागवावी लागत होती. पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि घर बेकायदा आहे एवढ्यावरून ते नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले होते. घरात वेगळ्या खोलीत राहा हा संदेशही असाच. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे वेगळी खोली आणायची कुठून, हा प्रश्न प्रत्येक गल्लीत विचारला गेला आणि त्याचे उत्तर त्या संदेशात नव्हते.

डॉक्टर : पाणी आणि घर हे नगररचनेचे अपयश आहे, त्याचे खापर संदेशावर फोडता येणार नाही. नळ येईपर्यंत साथ थांबणार नसते, म्हणून उपलब्ध परिस्थितीत जे सर्वांना सांगता येईल ते सर्वांना सांगावे लागते.

ताई : सर्वांना एकच गोष्ट सांगितली की ती सर्वांना सारखी लागू पडते असे गृहीत धरले जाते, अडचण तिथे आहे. जुलै २०२० मध्ये महापालिकेने, नीती आयोगाने आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तीन विभागांत सेरो सर्वेक्षण केले, म्हणजे लोकांच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे तयार झाली आहेत का हे तपासले. दहिसरचा आर उत्तर हा मालाडजवळचा विभागही त्यात होता. झोपडपट्ट्यांत तपासलेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली, तर इतर वस्तीत सुमारे १६ टक्के लोकांत. अंतर राखा हा एकच संदेश दोन्हीकडे गेला होता. तो पाळण्याची सोय मात्र दोन्हीकडे सारखी नव्हती. शिवाय फोन घरात आहे म्हणजे तो घरातील बाईच्या हातात आहे असे होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील सुमारे ५७ टक्के पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरलेले होते. स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३३ टक्के होते. बाळाला ताप आला की निर्णय घेणारी, पाणी भरणारी आणि आजाऱ्याची सेवा करणारी जी व्यक्ती असते, तिच्यापर्यंत संदेश बहुधा दुसऱ्याच्या तोंडून, थोडा बदलून पोहोचत होता.

डॉक्टर : हा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. संदेश तोंडोतोंडी जाताना बदलणार असेल तर मूळ संदेश अधिक साधा, अधिक ठाम आणि वारंवार दिलेला असायला हवा. ‘मास्क लावा’ हे दोन शब्द कोणी बदलू शकत नाही.

ताई : ते दोन शब्द शासनानेच बदलले होते. मार्च २०२० मध्ये निरोगी माणसाला मास्कची गरज नाही असे जागतिक आरोग्य संघटनेपासून खालपर्यंत सांगितले जात होते. ८ एप्रिलला मुंबईत सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा झाला आणि न लावणाऱ्यावर कारवाई होईल असे जाहीर झाले. जागतिक संघटनेने सर्वसामान्यांसाठी मास्कची व्यापक शिफारस केली ती ५ जूनला. लसीचेही तसेच झाले. कोविशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर सुरुवातीला चार ते सहा आठवडे होते, मार्च २०२१ मध्ये ते सहा ते आठ झाले आणि १३ मे रोजी बारा ते सोळा. नवा पुरावा मिळाला म्हणून सल्ला बदलणे हे शास्त्राचे लक्षण आहे आणि ते लोकांना समजावून सांगता येते. पण बदल हा बदल म्हणून, कारणासह आणि आधी काय सांगितले होते ते मान्य करून सांगितला गेला नाही. मे महिन्यात लसीचा तुटवडा होता, त्यामुळे लस संपली म्हणून अंतर वाढवले असा अर्थ लोकांनी लावला. आणि वस्तीत तो खोडून काढायला कोणाकडे दोन ओळींचे अधिकृत स्पष्टीकरणही नव्हते.

डॉक्टर : अनिश्चितता उघड करण्याचीही किंमत असते. आम्हाला अजून माहीत नाही, असे यंत्रणेने रोज म्हटले तर माणसे जो खात्रीने बोलतो त्याच्याकडे वळतात, आणि साथीत सर्वाधिक खात्रीने बोलणारा हा बहुधा काढा विकणारा असतो. शिवाय काही माहिती लगेच दिली तर तिचाच अपाय होतो. जून २०२० मध्ये खासगी प्रयोगशाळांनी बाधित असल्याचा अहवाल रुग्णाला परस्पर न देता आधी महापालिकेला द्यावा, असा निर्णय झाला, त्यामागे हाच विचार होता. अहवाल हाती पडताच लक्षणे नसलेली माणसेही रुग्णालयांकडे धावत आणि खाटा अडवत. खाटा मोजक्या होत्या आणि खरोखर श्वास लागलेला रुग्ण रुग्णवाहिकेत ताटकळत होता.

ताई : हेतू चांगला होता, पण स्वतःच्या शरीराविषयीचा अहवाल स्वतःलाच मिळत नाही ही गोष्ट लोकांना कशी वाटली असेल याचा विचार झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात अहवाल रुग्णाला किंवा नातेवाइकांना मिळायला हवा अशी भूमिका घेतली आणि निर्णय बदलावा लागला. गर्दी ज्यामुळे खरोखर आटोक्यात आली ती गोष्ट वेगळी होती. २४ विभागांत नियंत्रण कक्ष, म्हणजे वॉर रूम, सुरू झाले. प्रयोगशाळेचा अहवाल विभागाकडे येऊ लागला आणि विभागातून रुग्णाला फोन जाऊ लागला. त्याआधी सगळ्या शहराचा भार १९१६ या एकाच मदत क्रमांकावर होता. आपल्याच विभागातील कोणीतरी फोन उचलतो, वय विचारतो, श्वास लागतो का विचारतो, आणि खाट लागणार असेल तर ती शोधून देतो, एवढे कळल्यावर माणसे घरी थांबायला तयार झाली. भीती कमी झाली ती उत्तर मिळू लागल्यामुळे. अहवाल रोखून ती कमी झाली नसती.

डॉक्टर : वॉर रूमविषयी मतभेद नाही. पण अफवेचा जीव घेणारा प्रकारही विसरता येत नाही. १४ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याची घोषणा झाली आणि त्याच दुपारी गावाकडे गाड्या सुटणार या समजुतीने हजारो मजूर वांद्रे स्थानकाबाहेर जमले. दोनच दिवसांनी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा परिसरात फिरत असताना, जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना ठार मारले. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याला २०१८ मध्ये अशाच अफवेने पाच जणांचा बळी घेतला होता. मुंबई पोलिसांनी एप्रिल २०२० मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आदेश काढून खोटी माहिती पसरवण्यास मनाई केली आणि व्हॉट्सअॅप गटाच्या प्रमुखालाही जबाबदार धरले. व्हॉट्सअॅपने त्याच महिन्यात वारंवार पुढे पाठवलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अशी बंधने नसतील तर अधिकृत संदेश कितीही चांगला असला तरी तो गर्दीत बुडतो.

ताई : पुढे पाठवण्यावरची मर्यादा योग्यच होती, कारण तिने वेग कमी केला आणि कोणाचे तोंड बंद केले नाही. पोलिसी आदेशाबाबत मात्र सावधपणे पाहावे लागते. वांद्र्याला जमलेले मजूर तीन आठवडे तेच प्रश्न विचारत होते: मजुरी मिळेल का, धान्य कार्डाशिवाय मिळेल का, गाडी कधी सुटेल. श्रमिक गाड्या सुरू झाल्या त्या १ मेपासून. तोपर्यंत या प्रश्नांना कोणी नेमके उत्तर दिले नाही, आणि उत्तराची जागा रिकामी राहिली की पहिला येणारा संदेश ती भरून काढतो. पुढे २३ मेच्या आदेशात तर साथ रोखण्यासाठी शासन करत असलेल्या उपायांविषयी अविश्वास निर्माण करणारा मजकूरही निषिद्ध ठरला. असे शब्द वाचल्यावर अंबुजवाडीतल्या तरुणाने शौचालय निर्जंतुक झालेले नाही हे छायाचित्रासह गटात टाकायचे की नाही? त्याने ते टाकले नाही, तर विभाग कार्यालयाला कळणार कसे?

डॉक्टर : खोटी बातमी आणि तक्रार यांत फरक करता येतो.

ताई : करता येतो, पण तो करण्याचे काम पोलीस ठाण्यातील अंमलदारावर सोडले की सामान्य माणूस गप्प बसणे पसंत करतो. दुसऱ्या लाटेत, ३० एप्रिल २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला स्पष्टपणे सांगावे लागले की प्राणवायू, औषध किंवा खाट मिळत नाही असे समाजमाध्यमांवर मांडणाऱ्या नागरिकाला त्रास दिला तर तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल. त्या आठवड्यांत मदतीची हाक देणारे हजारो संदेश हीच शासनाला मिळालेली सर्वांत ताजी माहिती होती. कुठे काय संपले आहे हे त्यातून कार्यालयीन अहवालाच्या आधी कळत होते.

डॉक्टर : त्या हाकांची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्याला हजारो अनुयायी होते त्याच्या वडिलांना खाट लवकर मिळाली; ज्याला ट्विटर ठाऊक नव्हते तो रांगेत मागे गेला. प्राणवायूच्या पुरवठादारांचे बंद पडलेले क्रमांक दिवसेंदिवस फिरत राहिले आणि नातेवाइकांच्या मोलाच्या तासांचा अपव्यय झाला. रुग्णालयात दाखल रुग्णांना रेमडेसिव्हिर देऊ नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच दिला होता. तरी एप्रिलमध्ये त्यासाठी औषध दुकानांसमोर रांगा लागल्या, कारण प्रत्येक हाकेत त्याच औषधाचे नाव होते. कापूर, लवंग आणि ओव्याच्या पुरचुंडीने प्राणवायूची पातळी वाढते असे सांगणारे संदेशही याच प्रवाहात होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे रुग्णांची नावे, इमारती, हातावरील विलगीकरणाच्या शिक्क्यांची छायाचित्रे गटागटांत फिरली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला ८ एप्रिल २०२० रोजीच, बाधितांची ओळख आणि ठिकाण समाजमाध्यमांवर पसरवू नका, असे सांगणारी सूचना काढावी लागली होती. मोकळे माध्यम आपोआप न्याय्य होत नाही.

ताई : हे सर्व खरे आहे, आणि म्हणूनच ऐकण्याचे काम प्रसिद्ध व्यक्तींच्या दयेवर सोडू नये, ते संस्थेने करावे एवढेच म्हणणे आहे. गोवराच्या उद्रेकात याचा अर्थ नीट दिसला. गोवर हवेतून पसरतो. एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना बाधित करू शकतो आणि म्हणून ९५ टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्याशिवाय वस्ती सुरक्षित होत नाही. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळाव्या महिन्यापासून दिली जाते. कोविडच्या दोन वर्षांत नियमित लसीकरण विस्कळीत झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात अडीच कोटी मुलांच्या आवश्यक लसी राहून गेल्या. मुंबईत २०२२ च्या हिवाळ्यात राहिलेल्या मुलांचा शोध सुरू झाला तेव्हा पाच वर्षांखालील मुलांना जादा मात्रा देण्याचे ठरले, घरोघरी सर्वेक्षण झाले, आणि महापालिकेने धर्मगुरूंचीही मदत घेतली. ‘लस घ्या, गोवर टाळा’ हे चित्र फोनवर सगळ्यांकडे होते. तरीही दार बंद होत होते, आणि ते का बंद होते याची कारणे प्रत्येक दारात वेगळी होती.

डॉक्टर : कारण अफवा हेच होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला मोहीम शाळांमधून सुरू झाली तेव्हाही या लसीने मुले पुढे निपुत्रिक होतात असे संदेश फिरले होते.

ताई : ते एक कारण होते. दुसऱ्या घरात आई म्हणते की सुई टोचल्यावर मुलाला दोन दिवस ताप येतो, आणि ताप आला की तिला कामावर जाता येत नाही आणि तेवढे पैसे बुडतात. तिसऱ्या घरात कुटुंब नुकतेच गावाहून आलेले असते आणि लसीचे कार्ड हरवल्यामुळे आपल्याला रागावतील अशी भीती असते. चौथ्या घरात आधीचा मुलगा गोवर होऊन बरा झाला, म्हणून हा देवाचा आजार आहे, तो येतो आणि जातो, अशी समजूत असते. या चौघांनाही ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असे सांगितले तर पहिल्याला ते लागू पडेल, बाकीच्या तिघांचा अपमान होईल. तापाची भीती असलेल्या आईला टोचण्याआधीच सांगावे लागते की काही मुलांना साधारण आठवड्याभराने हलका ताप येऊ शकतो, तो एकदोन दिवसांत उतरतो, त्यासाठी कोणते औषध किती द्यायचे आणि गरज पडली तर कोणाला फोन करायचा. मग ताप आला तरी तिचा विश्वास उडत नाही, उलट सांगितल्याप्रमाणे घडले म्हणून वाढतो.

डॉक्टर : याला मानसशास्त्रात आधार आहे. विल्यम मॅग्वायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडले की चुकीच्या युक्तिवादाची सौम्य ओळख आणि त्याचे उत्तर माणसाला आधीच करून दिले तर पुढे तो युक्तिवाद समोर आल्यावर त्याचा प्रतिकार करणे त्याला सोपे जाते. अफवा पसरल्यावर तिचे खंडन करण्यापेक्षा ती येण्यापूर्वी लोकांना सावध करणे अधिक परिणामकारक ठरते, असे आज त्याच आधारावर मानले जाते. पण त्यासाठी कोणती शंका येणार आहे हे आधी माहीत असावे लागते.

ताई : ते माहीत होण्याचा मार्ग दारातूनच जातो. विभाग कार्यालयातील कर्मचाऱ्याला जी शंका वृत्तपत्रात छापून आल्यावर कळते, ती आरोग्यसेविकेला आठ दिवस आधी ऐकू आलेली असते.

डॉक्टर : तरी एक आक्षेप उरतो. अफवांचे मूळ उत्तर न मिळण्यात आहे असे मानले तर शास्त्राला विरोध करणाऱ्यांचे अस्तित्वच नाकारल्यासारखे होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगच्या वेळी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, हल्ला केला होता. तिथे रुग्णांना मारून त्यांच्या शरीरातून औषध काढतात असा समज पसरला होता. त्या वेळी ना मोबाइल होता ना फॉरवर्ड.

ताई : त्या वेळी सक्ती होती. घरात घुसून झडती, आजाऱ्याला उचलून नेणे, स्त्रियांची परपुरुषांकडून तपासणी, सामान जाळणे असे उपाय होत होते, आणि नेलेला माणूस बहुधा परत येत नव्हता. अशा रुग्णालयाविषयी भयंकर कथा निर्माण झाल्या तर त्यामागे लोकांचा प्रत्यक्ष अनुभव होता, कथा खोटी असली तरी. त्याच साथीत जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस सुरक्षित आहे हे सांगण्याची ती पद्धत कोणत्याही जाहिरातीपेक्षा परिणामकारक होती, कारण सांगणाऱ्याने स्वतःचा देह जबाबदारीत घातला होता. १६ जानेवारी २०२१ रोजी कोविडची लस सर्वप्रथम आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाली, तेव्हा वस्तीतील बायकांनी आपापल्या सेविकेला विचारलेला प्रश्न एकच होता: तुम्ही घेतली का, आणि काय झाले?

डॉक्टर : मग व्यवहारात काय करायचे ते ठरवता येईल. रोगाविषयीची माहिती, मात्रा, तारखा आणि आकडे यांचा स्रोत एकच असावा, याबाबत तडजोड नको. प्रत्येक विभागाने आपापले शास्त्र सांगू लागणे धोक्याचे आहे. प्रत्येक संदेशावर दिनांक आणि क्रमांक असावा, म्हणजे जुना संदेश जुना म्हणून ओळखता येईल. आणि सल्ला बदलला तर नव्या संदेशातच आधीचा सल्ला कोणता होता आणि तो का बदलला हे लिहावे.

ताई : त्या एका स्रोतातून निघालेली माहिती मालवणीत हिंदी आणि उर्दूतून, गावठाणात मराठीतून, सोसायट्यांत गुजरातीतूनही जावी, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी ती मिनिटभराच्या आवाजी संदेशात असावी. कोविन हे लसीची वेळ ठरवण्याचे संकेतस्थळ मराठीत उपलब्ध झाले ते जून २०२१ मध्ये, म्हणजे १८ वर्षांवरील सर्वांसाठी नोंदणी उघडल्यानंतर महिनाभराने. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात फोन आणि इंटरनेट नसलेल्यांचे काय असे विचारले होते. त्याहून आवश्यक आहे तो परतीचा मार्ग. प्रत्येक विभागात लोकांच्या प्रश्नांची रोज नोंद व्हावी. समाजमाध्यमावर विचारलेला आणि दारात विचारलेला प्रश्न त्या एकाच नोंदवहीत यावा. त्याचे उत्तर दुसऱ्या दिवसापर्यंत जावे, आणि उत्तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाही आणि कधीपर्यंत कळेल हे जावे. आणि ज्या सेविकांनी हे करायचे त्यांना त्याचा वेळ आणि मोबदला मिळावा. सर्वेक्षणाचे रोजचे लक्ष्य तेवढेच ठेवून वर शंकानिरसनही करा म्हटले तर दोन्ही कामे अर्धवट होतात.

डॉक्टर : आणि खोट्या औषधांचा व्यापार करणारे, हिंसेला चिथावणी देणारे यांच्यावर कारवाई?

ताई : फसवणूक आणि हिंसा यांसाठी कायदे आधीपासून आहेत, ते वापरावेत. प्रश्न, शंका आणि तक्रार यांना मात्र कोणत्याही आदेशाने स्पर्श करू नये.

डॉक्टर : साथ ऐन भरात असताना ती रेषा इतकी स्वच्छ राहत नाही, आणि काही दिवसांसाठी अधिक व्यापक अधिकार लागू शकतात, असे अजूनही वाटते.

या शेवटच्या मुद्द्यावर दोघांचे एकमत होत नाही, आणि ते लपवण्याचे कारणही नाही. मोकळीक आणि नियंत्रण यांतील हा ताण प्रत्येक साथीत नव्याने सोडवावा लागेल. मात्र बाकीच्या चर्चेतून एक गोष्ट पुरेशी स्पष्ट होते. डॉक्टरांचा एकच आवाज आणि ताईंची नोंदवही यांत विरोध नाही, कारण शास्त्रीय माहितीचे एकमेव केंद्र टिकायचे असेल तर त्या केंद्राला प्रत्येक वस्तीतून येणारे प्रश्न ऐकू यावे लागतात. ते ऐकू येत नाहीत तिथे केंद्राचा सल्ला बरोबर असूनही परका वाटतो. अधिकृत माहितीला अधिकार मिळतो तो पद आणि बोधचिन्ह यांमुळे थोडा, आणि तिच्यामागे उत्तर द्यायला कोणीतरी उभे आहे या अनुभवामुळे फार अधिक. समाजमाध्यमांचा उपयोग यंत्रणेने बोलण्यासाठी जेवढा केला तेवढाच ऐकण्यासाठी केला असता, तर २०२० ते २०२२ या काळात मालाडसारख्या विभागात अनेक अफवांना रुजायला जागा मिळाली नसती.

ही व्यवस्था संकट आल्यावर उभी करता येत नाही, कारण विश्वास आणीबाणीच्या आदेशाने निर्माण होत नाही. मुंबईत तिची तालीम दरवर्षी करता येण्यासारखी आहे. पावसाळ्यात मालाडचा भुयारी मार्ग पाण्याखाली जातो, आणि साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदीर आणि इतर जनावरांच्या मूत्रातून पाण्यात येणाऱ्या जंतूंच्या संसर्गाचा, धोका असतो; २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर शहराने त्याचा कहर पाहिला आहे. अशा लोकांनी ७२ तासांच्या आत वैद्यकीय सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यावे असे महापालिका दर पावसाळ्यात सांगते. हा संदेश किती जणांनी पाहिला हे मोजण्याऐवजी, गरोदर बाईने कोणते औषध घ्यावे, पायाला जखम नसेल तरी गोळी लागते का, गोळी जवळच्या कोणत्या दवाखान्यात आज मिळेल, अशा किती प्रश्नांना विभागाने दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर दिले हे प्रत्येक जुलै-ऑगस्टमध्ये मोजले जावे आणि जाहीर व्हावे. पावसाळ्यातील साध्या प्रश्नाला वेळेत उत्तर देणाऱ्या कार्यालयावरच पुढच्या महासाथीत वस्ती विश्वास ठेवील, आणि त्या विश्वासासाठी लागणारी माणसे, पैसा आणि नोंदवही यांची तरतूद साथ नसलेल्या वर्षाच्या अंदाजपत्रकातच व्हायला हवी.